पैचा हिशोब आणि कावडीचं पाणी



चिकलठाण्याला श्रावणातल्या सप्ताहात दुपारचं प्रवचन माझ्याकडे होतं. ग्रंथ नाथबाबांचा, एकादश स्कंध. तिसऱ्या दिवशी प्रवचन संपलं, मंडळी उठली, पोरांनी सतरंज्या झटकायला घेतल्या. तेवढ्यात साठीच्या आसपासची एक माउली माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "महाराज, एक विचारू का? मी कंजूष आहे का हो?"

"असं कोण म्हणतं, माय?"

"घरात सगळेच म्हणतात. मुलगा एमआयडीसीत कंपनीत आहे. पगार येतो आणि हप्त्यांत जातो. म्हणून मी रिकाम्या खोलीतला दिवा मालवते, भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालते, साडी विटली की तिची गोधडी शिवते. नातवाच्या वाढदिवसाला हॉटेलात नको, घरीच शिरा-पुरी करू म्हटलं, तर सून दोन दिवस बोलली नाही. माझं चुकतं का?"

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. "उद्या सांगतो," एवढंच म्हणालो. चाळीस वर्षं व्यासपीठावर उभं राहून बोलतो आहे, उत्तर सुचलं नाही असं नव्हतं. पण तिच्या प्रश्नानं माझीच एक जुनी गोष्ट वर आली आणि घसा धरला. ती गोष्ट पुढं सांगणार आहे, लपवणार नाही. आधी संतांच्या घरी जाऊन हा प्रश्न विचारू, मग आपल्या घरी येऊ.

एका पैची चूक

चिकलठाण्याहून शहर ओलांडून पलीकडं गेलं की देवगिरीचा किल्ला लागतो. त्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि पैठणचे एकनाथ लहान वयातच त्यांच्या सेवेला राहिले. स्वामींनी नाथांकडे हिशोबाचं काम दिलं होतं. एका रात्री जमाखर्चाचा मेळ बसेना. किती फरक? एका पैचा. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली, डोळे ताणले, पण जागचे उठले नाहीत. शेवटी चूक सापडली आणि त्या आनंदात त्यांनी टाळी वाजवली. स्वामींना जाग आली. विचारलं, "काय झालं?" नाथांनी सांगितलं. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद होतो, मग हेच ध्यान देवाकडं लावलंस आणि संसाराची चूक सापडली, तर केवढा आनंद होईल!

आम्ही कीर्तनकार ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट बघा. "अरे, एका पैसाठी कशाला रात्र घालवलीस?" असं स्वामी म्हणाले नाहीत. हिशोब ठेवणं त्यांनी हलकं मानलं नाही. दुसऱ्याचा पैसा आपल्या हातून जातो तेव्हा त्याची पै न् पै सांभाळणं हासुद्धा परमार्थच. ज्याला घरखर्चाचं भान नाही, त्याला नामाचं भान येईल असं मला तरी वाटत नाही.

आता याच नाथांची दुसरी गोष्ट घ्या. ती तर लेकराबाळांनाही ठाऊक आहे. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला घालायला निघाले. पायी वाट. विचार करा, एवढ्या वाटेवर ते पाणी कसं जपलं असेल! तहान लागली तरी त्यातला घोट घ्यायचा नाही, ठेच लागली तरी कावड हिंदकळू द्यायची नाही. आणि मध्येच तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडताना दिसलं. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. सोबतचे हळहळले. नाथांच्या मनात मात्र शंका नव्हती. त्यांना रामेश्वर तिथंच भेटला.

आता मला सांगा, नाथ काटकसरी की उदार? एका पैसाठी रात्र जागणारा हात आणि कावड रिकामी करणारा हात एकाच माणसाचा आहे. यात विरोध नाही. थेंब थेंब जपला म्हणून तर गाढवाच्या तोंडात ओतायला पाणी उरलं. वाटेतच सांडून टाकणारा असता, तर दया येऊनही देणार काय? उधळ्याला दया आली तरी त्याच्या कावडीत पाणी नसतं. कंजुषाच्या कावडीत पाणी असतं, पण ती खाली उतरत नाही. काटकसर ती, जी कावड भरून ठेवते आणि वेळ आली की उतरवते.

अवंतीचा कदर्यु

आपण जो ग्रंथ वाचत होतो, त्याच्या तेविसाव्या अध्यायात एका कंजुषाची कथा आहे. भगवंतांनी ती उद्धवाला सांगितली. नाथांनी एकादश स्कंधावरची ही टीका पैठणला सुरू केली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, काशीला पुरी केली. त्यात हा कदर्यु आपल्या मराठीत आला. आपण बोलताना एखाद्याला 'कद्रू' म्हणतो, कानाला तो शब्द याच घरचा वाटतो.

अवंती नगरीत एक ब्राह्मण होता. शेती होती, व्यापार होता, पैसा भरपूर. पण कसा? पाहुणा आला तर पाणी नाही. पाणी राहू द्या, गोड शब्दही नाही. शब्दाला काय पैसे पडतात? पण याला तोही खर्च वाटे! घरात बायको, लेकरं, नोकर सगळे त्याला विटलेले. देवाधर्माचा वाटा नाही, अतिथीचा नाही, गाईचा नाही. आणि स्वतः तरी खाईल? तेही नाही. वेळच्या वेळी अंगाला लागेल असं अन्न नाही, वस्त्र नाही.

मग ते धन गेलं. कसं गेलं तेही व्यासांनी मोजून सांगितलंय. काही भाऊबंदांनी नेलं, काही चोरांनी, काही दैवानं, काही काळानं, काही राजानं. ज्यांना प्रेमानं द्यायचं होतं त्यांना दिलं नाही, आणि ज्यांना द्यायचं नव्हतं ते सगळे हक्कानं घेऊन गेले. सगळं गेल्यावर त्याचे डोळे उघडले. हा पैसा मी धर्मालाही लावला नाही आणि भोगालाही लावला नाही, मग मी जमवत कोणासाठी होतो? या एका प्रश्नानं त्याला वैराग्य आलं. पुढं तो भिक्षू झाला. लोकांनी टवाळी केली, भिक्षापात्र ओढलं, काठी हिसकली, पण तो चिडला नाही. म्हणाला, माझ्या दुःखाला माणसं कारण नाहीत, ग्रह नाहीत, काळही नाही. माझं मनच कारण आहे.

इथं थांबा जरा. कंजुषीचं मूळ खिशात नसतं, मनात असतं. खिशात कमी असेल तर त्याला गरिबी म्हणतात, तो काही दोष नाही. खिसा भरलेला असूनही "संपलं तर?" ही भीती सुटत नाही, ती कंजुषी. जुन्या टीकाकारांनी 'कदर्य' शब्दाची व्याख्याच अशी केली आहे: लोभापायी जो स्वतःच्या देहाला, धर्मकार्याला, बायकालेकरांना, आईबापांना आणि भावंडांना पीडा देतो, तो कदर्य. व्याख्येत पैसे किती साठवले हे कुठं आलंय का? नाही. साठवताना त्रास कुणाला दिला, एवढंच विचारलंय. हा मुद्दा मनात धरून ठेवा, शेवटी तोच कामाला येणार आहे.

भाकरी गाडग्यात, धर्मशाळा पंढरीत

ही झाली पुराणातली गोष्ट. कुणी म्हणेल, महाराज, आजच्या काळातलं सांगा. आमच्या आधीच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेणगाव. मूळ नाव डेबूजी. मामाचं शेत सावकारी कर्जात कसं जातं, हे त्यांनी लहानपणी जवळून पाहिलं. म्हणून जन्मभर कीर्तनातून एकच टाहो: कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका, देवाला बकरं कापू नका, दारू पिऊ नका. जेवायला ताट नसलं तरी चालेल, हातावर भाकरी घ्या, पण लेकराला शाळेत घाला. हे काटकसरीचं शिक्षण होतं की नाही? आणि सांगणाऱ्याच्या अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, हातात खराटा, सोबत मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं. गाव झाडल्याशिवाय गावाची भाकरी खायची नाही.

स्वतःवर एवढा कमी खर्च करणारा माणूस लोक काय म्हणून ओळखतात? कंजूष? छे! आज पंढरपूरला, आळंदीला, देहूला, नाशिकला तुम्ही धर्मशाळेत पाठ टेकता, तेव्हा बाबांची आठवण होते. मुंबईत दवाखान्यासाठी गेलेल्या गरिबाला राहायला जागा हवी, हेही त्यांनाच सुचलं. पंढरपुरात त्यांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पुढं त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले आणि त्यातून स्वतःसाठी एक खोपटं त्यांनी बांधलं नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर देह ठेवला, तेव्हा मागं धर्मशाळा होत्या, घाट होते, शाळा होत्या आणि ते गाडगं होतं.

नाथांची कावड आणि बाबांचं गाडगं शेजारी ठेवून पाहा. दोन्ही ठिकाणी जपणूक आपल्या वाट्यातून झाली आणि ओतलं गेलं ते दुसऱ्याच्या तहानेवर. अवंतीच्या कदर्युनं याच्या उलट केलं. कापलं ते बायकालेकरांच्या, अतिथीच्या वाट्यातून, आणि शेवटी ते कुणाच्याच तोंडी पडलं नाही.

माझ्या आईचे डोळे

आता माझी गोष्ट.

पस्तीस वर्षं झाली असतील. नुकतं कीर्तनात नाव व्हायला लागलं होतं, चार ठिकाणची बोलावणी येत होती, बिदागी मिळत होती. त्या काळात चिकलठाण्याच्या आसपास जागेचे भाव चढायला लागले होते. मला वाटलं, आताच एक तुकडा घेऊन ठेवावा. मी पै न् पै बाजूला टाकू लागलो. तोंडात नाथबाबांच्या हिशोबाची गोष्ट होतीच!

आईला दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, करून घ्या. खर्च त्या वेळच्या मानानं जड होता, पण माझ्याजवळ तेवढे पैसे होते. मी म्हटलं, "आई, जागेचं झालं की लगेच करू. मोतीबिंदू पिकावा लागतो म्हणतात, अजून पिकू दे." ती म्हणाली, "मला कुठं पोथी वाचायची हाय? तुझं होऊ दे आधी." मला ते ऐकायचंच होतं. ती तव्यावरची भाकर हातानं चाचपून उलटायची. बोटं पोळायची. मला दिसत होतं, आणि मी त्याला काटकसर म्हणत होतो.

दीड वर्षानं जागेचं झालं. आईला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि गप्प झाले. एका डोळ्यातला मोतीबिंदू फार पिकून आत दाब वाढला होता, नस सुकली होती. तो डोळा गेला. दुसरा वाचला. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून उभा राहिलो, काही बोलवेना. तर तीच मला म्हणाली, "एक हाय ना रे. पांडुरंग एका डोळ्यानंबी तेवढाच दिसतो." त्या आषाढीला तिला पंढरपूरला नेलं. गाभाऱ्यात तिनं मान एका बाजूला वळवून दर्शन घेतलं. ती वळवलेली मान मी अजून विसरलो नाही.

त्याच जागेवर आज माझं घर आहे. उंबरा ओलांडताना कधी कधी पाय जड होतो. सावकारानं नाडलं नाही, चोरानं नेलं नाही, माझ्या हातानं माझ्या आईच्या वाट्याचा उजेड मी कापला. कदर्युच्या व्याख्येत आईबाप येतात, हे तेव्हा मला पाठ होतं. कळलं मात्र नंतर.

म्हणून जाता जाता एक व्यवहाराचं सांगतो. मोतीबिंदू पिकायची वाट पाहायची ही समजूत जुनी झाली. आता डॉक्टर पिकायची वाट पाहायला सांगत नाहीत. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस चाचपडत असेल, "मला काही घाई नाही" म्हणत असेल, तर त्याच्या त्या शब्दावर विसंबू नका. आईबाप आपल्या सोयीचंच बोलतात.

दोन प्रश्न

दुसऱ्या दिवशी ती माउली आली. मी म्हटलं, "माय, मी कोण तुला शिक्का मारणारा? दोनच प्रश्न सांगतो, तूच स्वतःला विचार. पहिला: मी वाचवते ते कुणाच्या ताटातलं? आणि दुसरा: ज्या वेळेसाठी वाचवलं, ती वेळ दारात आली तर माझी मूठ उघडते का?"

वाचकहो, हे दोन प्रश्न तुम्हीही घरी घेऊन जा. बघा कसे चालतात.

शिळी भाकर चुरून फोडणी दिली आणि सगळ्यांनी मिळून खाल्ली, तर ती काटकसर. गड्याला शिळी आणि आपल्याला ताजी, तर ती कंजुषी. भाकर तीच, पण वाटा बदलला.

पाण्याचं घ्या. आपल्या मराठवाड्याला पाणी जपायचं शिकवावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस कुणी विसरलेलं नाही. भाजीचं पाणी तुळशीला घालणं हे पुण्यच आहे. पण दिंडी दारावरून जात असताना रांजणावर झाकण ठेवून आत बसणं, ही झाली कंजुषी. थेंब जपायचा तो दिंडीला तांब्याभर देता यावा म्हणून.

लग्नकार्याचं घ्या. ऋण काढून सण करू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्या आजीनं सांगून ठेवलंय. साधं लग्न केलं, मांडव लहान घातला, वाजंत्री कमी आणली, तर कुणी नाव ठेवलं तरी ऐकू नका. पण लग्न साधं करायचं आणि आचाऱ्याची, वाढप्याची मजुरी अडवायची, हे चालणार नाही. गरिबाच्या घामात घासाघीस केली की देव हिशोब मागतो. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी भांडायचं आणि मोठ्या दुकानात छापील किमतीला मान डोलवायची, हेही त्यातलंच.

आणि उधळेपणालाही उदारपणा म्हणू नका. आपल्या भागात एमआयडीसी आली, विमानतळ आलं, जमिनीला भाव आला, काहींच्या हातात एकदम पैसा आला. कुणी त्यातून लेकरं शिकवली, दुसरीकडं शेत घेतलं. कुणाचा गाडीत, जेवणावळीत, चार दिवसांच्या मित्रांत गेला. ज्यानं उडवला त्याचीही कावड गाढवापर्यंत पोहोचली नाही. सप्ताहाच्या पंगतीत ताट भरून घ्यायचं आणि अर्धं टाकून उठायचं, हाही अन्नदात्याचा अपमान आहे. हवं तेवढं घ्या, परत मागा, पण टाकू नका.

तुकोबारायांनी धन जोडायला कधी मना केली नाही. मिळवावं चांगल्या मार्गानं आणि खर्चताना मन त्याला चिकटू देऊ नये, एवढंच त्यांचं सांगणं. आम्हा कीर्तनकारांनाही ते लागू आहे, बरं का! बिदागीचं पाकीट हातानं चाचपून बघायची सवय लागली, की समजावं कदर्यु वीणा घेऊन उभा आहे.

ती माउली माझं ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "महाराज, दिव्याचं, पाण्याचं, गोधडीचं माझं बरोबर आहे. नातवाच्या शिऱ्याचंही. पण एक चुकलं. यंदा पंचमीला लेकीला माहेरी आणलं नाही. येणं-जाणं, साडी, चोळी, खर्च होतो म्हणून फोनवरच 'पुढच्या वर्षी ये' म्हटलं. ती 'बरं' म्हणाली." एवढं बोलून तिनं पदर डोळ्याला लावला.

मी काही बोललो नाही. लेकीचं ते 'बरं' मला ओळखीचं होतं. माझ्या आईनंही तसंच म्हटलं होतं.

काल्याच्या दिवशी मी दहीहंडीखाली उभा होतो. गर्दीत ती दिसली. शेजारी तिच्याच तोंडवळ्याची एक तरुण बाई, कडेवर लेकरू. तिनं लांबूनच हात जोडले. मीही जोडले. तिची वेळ अजून गेलेली नव्हती, मूठ वेळेत उघडली.

तुमचीही वेळ गेली नसेल तर आज घरी जाऊन एवढं करा. ज्या कुणाला "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ठेवलंय, त्याचं नाव आठवा. हिशोब जनार्दनस्वामींच्या दफ्तरासारखा ठेवा, पै न् पैचा. आणि कावड उतरवायची वेळ आली, की मोजत बसू नका.

रामकृष्णहरी.